जावयाची उचकी

सोमवार, ४ मार्च

ही वही लेकीने दिली होती, मन मोकळं करायला. मन मोकळं करायला मला वही लागत नाही, तोंड पुरतं. पण आजपासून लिहिणार आहे. आमच्या विभागात रोबो आलाय आणि त्याच्या एकूण एक चुका मी तारीखवार टिपून ठेवणार आहे. वेळ येईल तेव्हा साहेबांच्या टेबलावर ही वही आपटता आली पाहिजे.

वही दुसऱ्या कुणाच्या हातात पडली तर कळावं म्हणून सांगते. वॉशबेसिन आणि कमोडच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं फवारणी करते. साच्यातून निघालेलं मातीचं कच्चं भांडं आमच्यापुढे फिरत्या पाटावर येतं. त्यावर स्प्रेगनने पांढरा लेप द्यायचा. तो भट्टीत वितळला की काचेसारखा चकाकतो. लोक रोज सकाळी ज्यावर बसून विचार करतात ते गुळगुळीत आसन आमच्या हातचं. यावर पुष्कळ विनोद ऐकून झालेत. नवा असेल तरच हसते.

आम्ही चौघं फवारणीवाले. मी, मामी (साऱ्या कारखान्याची मामी), पैलवान (वजन जेमतेम पन्नास किलो) आणि अबोल, ज्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघाले तर डबा चांगला होता असं समजायचं. रोबो आला तेव्हा मामी म्हणाली, "वेगळी काचेची खोली काय, गार हवा काय, हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. हा तर जावई आलाय!" तेच नाव पडलं.

चूक पहिली: आल्या दिवशीच आमच्या डबा खायच्या जागेत ठाण मांडलं.

बुधवार, ६ मार्च

जावयाबरोबर एक चष्मेवाली इंजिनिअर आलीय. पंचविशीची असेल. मला म्हणाली, "मावशी, तुमचं काम मी दोन दिवस नुसतं बघू का?" मी हिची कुठली मावशी? पण बघितलं मात्र तिने नीट. सहा तास उभी होती, एकदाही फोन काढला नाही. तेवढे मार्क दिले.

मी तिला सरळच विचारलं, "रोबो म्हणजे नेमकं काय गं? मला वाटलं होतं दोन पायांचा पत्र्याचा माणूस येईल. हा तर नुसता हात आहे."

ती म्हणाली, "हातच हवा असतो बहुतेक वेळा. सांधे हलतात, आपण कुठे आहोत ते तो सतत मोजतो, आणि एकदा शिकवलेलं लाख वेळा तस्संच करतो. या तीन गोष्टी जमल्या की झाला रोबो. तोंड-डोळे सिनेमावाल्यांनी लावलेत."

"आणि शिकवणार कोण?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. म्हणजे मीच. माझ्याच हाताने माझ्या पोटावर पाय द्यायचा. आमच्या सुपरवायझरने, ज्याला आम्ही घाई म्हणतो, लगेच वाक्य पूर्ण केलं, "तुमचा हात सगळ्यात साफ आहे म्हणून तुमची निवड. मान आहे तुमचा!" असला मान त्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवावा.

घरी तीन जिने. दुसऱ्या वळणावर थांबून खिडकीतून खाली बघते हल्ली. पूर्वी अशी सवय नव्हती. वय झालं की माणसाला दृश्यं आवडायला लागतात.

रविवार, १० मार्च

धाकटा भाऊ जेवायला आला होता. तो माल साठवायच्या मोठ्या गोदामात आहे. तिथे चपटे रोबो अख्खी कपाटं पाठीवर घेऊन माणसापर्यंत येतात. मला वाटलं हा माझ्या बाजूने बोलेल. म्हणतो, "ताई, आधी मी दिवसाला पंधरा किलोमीटर चालायचो. गुडघे गेले होते. आता एका जागी उभा असतो." मी म्हटलं, मग आनंदच आहे! तर म्हणे, "आनंद कसला? आधी मी चालायचो माझ्या चालीने. आता कपाट येऊन उभं राहतं आणि सेकंद मोजतं. लघवीला जाताना त्याची परवानगी काढावी असं वाटतं."

लेक इस्पितळात एक्स-रे काढते. तिच्याकडे सर्जन रोबोच्या हाताने ऑपरेशन करतात, माणसाचा हात थोडा तरी थरथरतो, त्याचा नाही. रुग्ण लवकर घरी जातात. पण औषधं पोहोचवणारी एक चाकांची पेटीही आहे, ती फरशी ओली असल्याची पाटी दिसली की तिथेच उभी राहते आणि कुणी पाटी हलवेपर्यंत गोळ्या घेऊन ताटकळते. मी ते लगेच इथे लिहून ठेवलं. लेक म्हणाली, "आई, तू फक्त वाईट तेवढंच लिहितेस." मी म्हटलं, चांगलं लिहायला कंपनीने पगारी माणसं ठेवलीत.

मग तिचं नेहमीचं सुरू झालं. एकदा छातीचा एक्स-रे काढून घे. तिला प्रत्येक माणूस आतून बघायची खोड आहे. धुळीचा खोकला आहे तो, आमच्या विभागात सगळ्यांना असतो, मशीनला आवाज असतो तसा. दोन उशा घेऊन झोपते ती मानेसाठी.

मंगळवार, १२ मार्च

शिकवणी झाली. जावयाच्या मनगटाला दोन मुठी आहेत. त्या धरायच्या आणि त्याचा हात आपण फवारतो तसा फिरवायचा. तो मऊ होतो, येतो मागे मागे. गन कोरडी होती, लेप नाही, हवा नाही. समोर तपकिरी कच्चा कमोड. चष्मेवाली काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून.

नाही शिकवायचं, मुद्दाम वाकडं शिकवायचं, असं रात्रभर ठरवून गेले होते. पण मूठ हातात आली आणि वाकडं येईना. काठाखाली एक खोबण असते, जिथून पाणी सुटतं. ती दिसत नाही. तिथे गन अंदाजाने आत वळवून लेप चढवावा लागतो. जास्त झाला तर भोकं बुजतात, कमी झाला तर आत घाण धरते. ती खोबण शिकायला मला दोन वर्षं लागली. मी जावयाला ती चाळीस सेकंदांत दिली. इतकी साफ दिली की माझा मलाच राग आला.

घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

शुक्रवार, १५ मार्च

आज माझा दिवस!

जावयाने स्वतः लेप दिलेले पहिले चाळीस कमोड भट्टीतून बाहेर आले. चाळीसच्या चाळीस बाद! प्रत्येकाच्या उजव्या अंगाला, अगदी एकाच जागी, तळहाताएवढा खरखरीत चट्टा. लेपच नाही तिथे. आम्ही काचेला नाक लावून बघितलं. हात छान गोल फिरतो, उतरतो, आणि त्या जागी आला की गचकन वर उचलला जातो, उजवीकडे झटका खातो, आणि जणू काही झालंच नाही असा परत कामाला लागतो. पुढचा कमोड. तीच जागा, तोच झटका.

पैलवान म्हणाला, "जावयाला उचकी लागली! सासुरवाडीचं कुणी आठवण काढतंय!" मामी हसता हसता खाली बसली, मग तिला खोकल्याची उबळ आली ती पाच मिनिटं थांबेना. अबोलसुद्धा हसला. मी घाईला मोठ्याने ऐकवलं, सत्तावीस वर्षांत माझे चाळीस बाद झाले नाहीत, याचे एका दिवसात झाले. तो नखं खात होता.

चूक सातवी, आणि सगळ्यात मोठी. दोनदा अधोरेखित केली.

सोमवार, १८ मार्च

चष्मेवालीने मला एकटीला बोलावलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. जावयाच्या हाताची वाट. तिच्यात एका ठिकाणी दात निघाल्यासारखा सुळका.

"हा त्याचा नाही, मावशी. तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. तुम्ही तिथे हात झटकलाय."

मी म्हटलं, मी? माझ्या हाताने? तुमच्या यंत्राला उचकी लागली तर खापर माझ्या डोक्यावर फोडता? शिकलीसवरलेली मुलगी, खोटं बोलताना जरा लाजली असतीस! पलीकडच्या साचा विभागापर्यंत आवाज गेला माझा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. याचाही राग आला.

मंगळवार, १९ मार्च

पुन्हा रेकॉर्डिंग, मीच मागितलं. डोळ्यांत तेल घालून हात फिरवला. दोनदा.

पहिल्यात सुळका डाव्या अंगाला. दुसऱ्यात दोन, एक खोबणीच्या अगदी तोंडाशी.

"मी झटकलाच नाही," मी म्हटलं.

"तुम्ही खोकलात," ती म्हणाली. "तोंड उजव्या खांद्याकडे वळवता आणि गन वर उचलता, भांड्यावर शिंतोडे नकोत म्हणून. सगळं इतक्या सवयीने होतं की तुम्हाला कळतच नाही."

"मग माझ्या भांड्यांना चट्टा का नाही पडत?"

"गनमध्ये लेप असताना तुम्हाला पातळ जागा दिसते. परत जाऊन भरता. दोन दिवस बघत होते मी, प्रत्येक भांड्याला जाता. शिकवताना गन कोरडी होती. भरायला काही दिसलंच नाही."

मी मुठी सोडल्या आणि पाटापाशी परत गेले.

गुरुवार, २१ मार्च

तिच्यावर विश्वास नाही म्हणून मीच म्हटलं, बाकीच्या तिघांचाही हात घे. मनातून वाटत होतं की त्यांच्या रेघा सरळ येतील, म्हणजे निदान दोष माझ्या एकटीचा. तसं झालं असतं तरी चाललं असतं.

मामीच्या रेघेत तीन सुळके. पैलवानाच्या दोन. अबोलच्या एक, पण लांबलचक, जसा तो खोकतो तसाच. मग चष्मेवालीने पॅकिंगमधली नवी मुलगी आणली. तिला खोबण काय ते माहीतसुद्धा नाही. हात वेडावाकडा फिरवला बिचारीने. पण सुळका एकही नाही.

आम्ही चौघं त्या पडद्यासमोर उभे होतो. कुणी विनोद केला नाही. पैलवान म्हणाला, "सगळ्यांनाच असतो." हे वाक्य मी बारा वर्षं बोलत आलेय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि घाबरले.

आमच्या आधी इथे एक काका होते, त्यांनीच मला खोबण शिकवली. दम्याने नोकरी सोडली असं सांगितलं होतं आम्हाला. आम्ही त्यांना निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

रविवार, २४ मार्च

लेकीकडे जाऊन एक्स-रे काढला. थंड काचेला छाती टेकवून उभी राहिले. ती म्हणाली, "श्वास घ्या, धरून ठेवा." मला 'घ्या' म्हणाली, सगळ्यांना म्हणते तसं. धरून ठेवताना मी खोकले. पुन्हा काढला. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा जमलं.

लेक तोंडाची फटकळ, माझ्यावरच गेलीय. चित्र आलं आणि ती उगाच माझी पिन नीट करत राहिली.

डॉक्टरांनी समजावलं. मातीतली बारीक धूळ आत जाऊन बसते, फुफ्फुस तिथे घट्ट होतं. घट्ट झालेलं परत मऊ होत नाही. पण धूळ आजपासून थांबवली तर पुढचं वाचवता येईल. काम बदला म्हणाले. मी म्हटलं, महिनाभर त्याच कामासाठी भांडतेय मी. ते म्हणाले, "कुणाशी?" मी म्हटलं, जावयाशी. त्यांना वाटलं घरचं काही आहे.

येताना दुसऱ्या वळणावर थांबले. खिडकीतून खाली बघितलं नाही. दृश्य वगैरे काही नसतं तिथे, कचऱ्याचे डबे असतात.

रडले. हे लिहायचं नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च

घाईला रेघांबद्दल कळलं. मला वाटलं होतं तेच तो बोलला. चष्मेवालीला म्हणाला, "सुळके पुसता येतात ना कॉम्प्युटरवर? मग पुसा. दोन मिनिटांचं काम. परवा मोठे साहेब बघायला येणार आहेत."

मी तिथेच उभी होते. सत्तावीस वर्षांच्या धुळीचा खोकला, दोन मिनिटांत गुळगुळीत. जसा आमचा कमोड.

तो गेल्यावर चष्मेवाली म्हणाली, "पुसता येतात, ते खरं आहे. अजून पुसले नाहीत." मग म्हणाली, "मावशी, मी हा हात मुळात अशाच कामांसाठी बनवते, जिथे माणसाने उभंच राहू नये. पण तुम्हाला बाहेर काढून मग तुमचं काय करायचं, हे कुणी मला विचारत नाही." तिचे डोळे भरले होते. मावशी म्हणाली तर म्हणू दे.

"कमोड-बेसिनची अजून किती मॉडेल शिकवायची आहेत?" मी विचारलं.

"अकरा."

"खोबण पॅकिंगवाली शिकवेल?"

"नाही."

बस. मला एवढंच हवं होतं. डबा खाताना आम्ही चौघांनी ठरवलं. अबोलने डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मान हलवली.

गुरुवार, २८ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

मोठे साहेब आले, बरोबर पाच-सहा कोटवाले. घाई पुढे पुढे. काचेत जावई, कोरडी गन, समोर कच्चा कमोड. चष्मेवालीने सगळ्यांदेखत मला विचारलं, "मावशी, कोणतं लावू?"

"माझं पहिलं. न पुसलेलं."

घाईचा चेहरा बघण्यासारखा होता. पण तेवढ्यात हात फिरायला लागला होता. सुंदर फिरतो हो, खोटं कशाला बोलू. माझाच फिरतो. उतरला, वळला, आणि उजव्या अंगाला आल्यावर गचकन उचलला गेला.

मोठे साहेब म्हणाले, "हे काय? बिघाड आहे का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. ती मी आहे. खोकतेय."

कुणीतरी मागे हसलं. मी वळून बघितलं, तो थांबला. चष्मेवालीने मामीचं लावलं. तीन झटके. पैलवानाचं. दोन. आवाज कसलाच नाही, नुसता हात खोकत होता. अबोलचं लागलं आणि तो लांबलचक झटका आला तेव्हा विभागात इतकी शांतता झाली की आमचा खरा खोकला ऐकू यायला लागला, साचा विभागातून, भट्टीपाशी, सगळीकडून. रोजचाच होता तो. आज सगळ्यांनी ऐकला.

अबोल म्हणाला, "माझं परत लावा. साहेबांना नीट दिसलं नसेल."

सात शब्द झाले. मी मोजले.

मग मी बोलले. एक्स-रे आणला होता, तो साहेबांसमोर उजेडात धरला. म्हटलं, मी जावयाच्या विरुद्ध नाही. आजपासून नाही. त्याला खुशाल आत ठेवा, त्या धुळीत उभं राहायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण आम्ही काचेच्या बाहेर, याच पगारावर, त्याच्या चुका पकडायला. ओलं भांडं कोणतं, तडकलेलं कोणतं, हे त्याला सात जन्मात कळणार नाही, आम्हाला बोट लावलं की कळतं. धूळ ओढणारे बंद पंखे सुरू करा. साच्यापासून भट्टीपर्यंत प्रत्येकाचा एक्स-रे काढा, आणि ज्याच्या छातीत निघेल त्याला काढून टाकायचं नाही, सांभाळायचं. निरोपाला घड्याळ नको. तोवर अकरा मॉडेल राहिलीत आणि आमच्यापैकी कुणी मुठीला हात लावणार नाही.

साहेब म्हणाले, "बघू."

मी म्हटलं, "बघू नका. लिहा." आणि ही वही पुढे केली. टेबलावर आपटायची राहूनच गेली.

त्यांनी कोटवाल्यांकडे बघितलं, काचेकडे बघितलं. चष्मेवालीने हात थांबवला नव्हता, तो आपला खोकतच होता. मग त्यांनी पेन काढलं. 'टप्प्याटप्प्याने' असा शब्द लिहायला घेतला, तो मी बोट ठेवून खोडायला लावला आणि तिथे तारीख घालून घेतली. मागचं पान त्यांच्या हातचं आहे. सही वाचता येत नाही, पण घाईने खाली साक्षीला सही केलीय, ती स्वच्छ आहे.

सोमवार, १५ एप्रिल

ठरल्या तारखेला लेकीच्या इस्पितळाची एक्स-रेची गाडी आली. कारखान्याच्या दारात एकसष्ट माणसांची रांग, मी यादी घेऊन उभी. लेक गाडीत. प्रत्येकाला सांगत होती, श्वास घ्या, धरून ठेवा. किती जणांना तीनदा सांगावं लागलं ते मी मोजलं, ते आकडे वहीत दुसरीकडे लिहिलेत. कमी नाहीत. काही जण बाहेर येऊन माझ्याकडे न बघता गेले. पैलवान रांगेत दोनदा पळाला, मामीने दोन्ही वेळा कॉलर धरून आणला.

सकाळी चष्मेवालीने विचारलं होतं, "आता पहिल्या मॉडेलमधली उचकी काढू का?" मी म्हटलं, काढ. माल चांगला निघाला पाहिजे, त्याच्यावर माझा हात आहे. पण मूळ रेकॉर्डिंग ठेव. आमच्या चौघांचीही ठेव, पुढेमागे कुणी म्हणालं की इथे कधी कुणी खोकलंच नाही, तर लावून दाखवायला.

दुपारी काचेबाहेर बसून मी जावयाची तीन भांडी परत पाठवली. दोन ओली होती आणि एकाला केसाएवढी तड. त्याला कळलं नव्हतं. तो आत धुळीत एकटा, पांढरा झालेला, एका लयीत फिरत होता. चेहऱ्यावर फडकं नाही, खिडकी नको, मध्ये थांबणं नको. त्याला श्वास घ्यायचा नसतो.

मला घ्यायचा आहे. उरलाय तेवढा सगळा.